बुटातला खडा

दर वसंतात पुराने अमेरिकेतल्या डकोटातल्या ओढ्याचा काठ ढासळतो आणि अमोनाइटचे पुरातन शंख पोटात घेऊन बसलेले गोटे उघडे पडतात. “आज रिकाम्या हातांनी परतलो तर हातोडा कायमचा खुंटीला,” अधू नजरेचा म्हातारा व्हर्लन सकाळीच म्हणाला होता. दुपार कलली तरी पिशवी मोकळीच होती. सोबत आलेली जनेल लहानपणापासून त्याच्याबरोबर यायची. तेव्हा तो मध्येच खाली बसायचा. “बुटात खडा गेलाय, पोरी. तोवर तू बघ आसपास.” नेमका तिथंच तिला गोटा सापडायचा. बूट झटकला तरी खडा कधीच पडला नाही. आज तिच्या पायाशी गोटा होता. ती खाली बसली. “बुटात खडा गेलाय. तुम्ही बघा आसपास.” त्याने चाचपत गोटा उचलून फोडला. आतलं वेटोळं चमकलं. हातोडा कमरेला खोचत तो हसला, “पुढच्या वर्षी मात्र खडा माझ्या बुटात जाणार.”