भिंतीपलीकडची मालिका

"अहो, ती सासू 'वीस' म्हणाली की 'विष'?" सुलभाने विचारलं. विश्रामलाही कळलं नव्हतं. टीव्ही भिंतीला टांगलेला, त्याचे स्पीकर मागच्या बाजूला, त्यामुळे निम्मा आवाज भिंतीतच जायचा. मोठी साउंड सिस्टिम पेन्शनीत बसत नव्हती आणि दोन खोल्यांत मावतही नव्हती.

रविवारी विश्रामने मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरचे दोन छोटे स्पीकर माळ्यावरून काढले, पन्नास रुपयांची वायर आणली आणि टीव्हीखालच्या वीतभर फळीवर ते खोलीकडे तोंड करून बसवले. शब्दन् शब्द कळू लागला, तोही आवाज निम्मा ठेवून. सुलभाने न मागता दुसरा चहा दिला.

मंगळवारी शेजारच्या मयेकर वहिनी दारात आल्या. "तुमचा टीव्ही बिघडला का हो? दोन दिवस काहीच ऐकू येत नाही."

"आम्हाला तर आता छान येतंय," विश्राम म्हणाला.

"माझा दोन वर्षांपूर्वी बंद पडला. भिंतीतून तुमचं सगळं ऐकू यायचं, म्हणून दुरुस्तच केला नाही."

विश्राम ओशाळला. सुलभाने खुर्ची पुढे केली. "मग इथेच बसत जा."

आता वहिनी रोज येतात. इतके दिवस नुसत्या आवाजाने ओळखलेली माणसं त्या पहिल्यांदाच बघतायत, त्यामुळे त्यांचं तोंड थांबत नाही. "ही एवढी म्हातारी? आवाजावरून मला पोरसवदा वाटली होती."

काल वहिनींच्या बोलण्यात मालिका ऐकू येईना, म्हणून विश्रामने आवाज वाढवायला रिमोट उचलला. सुलभाने तो हळूच काढून घेतला आणि टीव्हीचाच आवाज कमी केला.