अंतोनीच्या रांगेत

“आज त्याचा सण आहे, आणि तुम्ही मला कोंडून काय ठेवलंय?” दाराच्या कडीशी झटापट करत म्हातारी ओरडली.

किल्लीवाला हातात चहाचं भांडं धरून तसाच उभा राहिला. आज संत अंतोनीचा सण होता खरा. तिला कालचं जेवण आठवत नव्हतं. स्वतःचं वय आठवत नव्हतं. पोटच्या मुलीचा फोन आला तर “कुणीतरी बाई आहे” म्हणून ती फोन त्याच्या हातात द्यायची. आणि अंतोनीचा सण मात्र बरोबर ध्यानात! त्याला हसू आलं.

आतलं कुलूप त्यानंच बसवलं होतं. मागे एकदा ती घरच्या कपड्यांवर निघून गेली आणि बाजारापलीकडच्या पुलावर सापडली, तेव्हापासून. जन्मभर लोकांची अडलेली दारं उघडून दिली, आणि म्हातारपणी स्वतःच्याच बायकोला कुलपात ठेवायची पाळी आली. रोज सकाळी तिची वेणी घालताना तो विचारायचा, “मला ओळखलंस का? अगं, तू माझी बायको.” ती संकोचून हसायची आणि म्हणायची, “असं काय बोलता, दादा!” आणि तो कंगवा खाली ठेवून उगाच खिडकीशी जाऊन यायचा.

अंतोनीचं आणि त्याचं तसं जुनं वैर. तो हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत, आणि हा लोकांच्या किल्ल्या हरवतात म्हणून ज्याची चूल पेटते असा माणूस. “तुझा संत माझ्या पोटावर पाय देतो,” अशी त्याची कायमची कुरकुर. ती कानामागे टाकायची. गल्लीत कुणाचं काही हरवलं, की कपाटावरच्या छोट्या मूर्तीच्या कडेवरचा बाळ येशू काढून ती साखरेच्या डब्यात ठेवायची आणि मूर्तीला दम भरायची, “आधी शेजारणीची अंगठी दे, मग आपलं बाळ घेऊन जा.” आणि गंमत म्हणजे अंगठी सापडायची! कधी उशीखाली, कधी पिठाच्या डब्यात. मग ती ऐटीत नवऱ्याकडे वळायची. “पाहिलंस, कुलपा?” तो तोंड उघडायला महाग, म्हणून लग्न झाल्या झाल्या तिनं त्याचं हे नाव पाडलं होतं. त्या नावानं तिनं एकदा, फक्त एकदा हाक मारावी, एवढंच त्याला आता आयुष्याकडून हवं होतं.

त्यानं कुलूप काढलं. तिला निळा झगा घातला, तिनं उलटसुलट लावलेली बटणं नीट केली, आणि हात धरून चर्चकडे निघाला. ती वाटभर झपाझप चालत होती. जत्रेला निघालेलं पोरसुद्धा इतकी ओढ घेत नसेल.

दर वर्षी तो बाहेरच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसायचा आणि ती आत मूर्तीसमोरच्या रांगेत उभी राहायची. एका सणाला एकच मागणं, आणि तेही दुसऱ्यासाठी, असा तिचा हट्ट. स्वतःसाठी मागणं म्हणजे हावरटपणा, म्हणायची. या वर्षी मात्र तोही रांगेत शिरला. दाराशी उभ्या फादरनी भुवया उंचावल्या. “किल्लीवाले, तुम्ही आत? तुमचं काय हरवलं?”

त्यानं तिचा हात आणखी घट्ट धरला. फादरनी म्हातारीकडे पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मूर्तीसमोर आल्यावर त्याला लाज वाटली. एवढी वर्षं ज्याची टर उडवली, त्याच्यापुढे कुठल्या तोंडानं पदर पसरायचा? तरी त्यानं मान खाली घातली. चुकलं बाबा माझं, तो मनात म्हणाला. गंजलेल्या कुलपालाही मी किल्ली करून देतो, पण इथं माझी कानस चालत नाही. माझी बायको हरवलीय. ती मला परत दे.

मग तिची पाळी आली. ती टाचा उंचावून उभी राहिली, तोंडाशी हाताचा आडोसा केला आणि मूर्तीला काहीतरी सांगू लागली. खूप वेळ सांगत होती. मागची माणसं चुळबुळायला लागली, पण तिला हलवायला त्याचं मन होईना. वळली तेव्हा तिचा चेहरा इतका उजळला होता की तो बघतच राहिला. हाच चेहरा. अंगठी सापडल्यावरचा. आठवलं हिला, नक्की काहीतरी आठवलं!

बाहेर येऊन तो तिला घेऊन कट्ट्यावर बसला. “काय मागितलंस गं?” त्यानं भीत भीत विचारलं.

“सांगायचं नसतं,” ती म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून जवळ सरकली. “पण तुमच्यासाठीच मागितलं, म्हणून सांगते.”

“माझ्यासाठी?”

“हो. तुम्ही फार चांगले आहात, दादा. मला न्हाऊ घालता, जेवू घालता, वेणी घालता. कोण करतं परक्याचं एवढं? म्हणून त्याला म्हटलं, यांची बायको हरवलीय, ती यांना लवकर सापडू दे.” तिनं त्याच्या हातावर हळूच थोपटलं. “बिचारे रोज मलाच ती समजतात.”