पेटीवरची गावं

ऐंशी साली चंद्रपुरात संप घडवला म्हणून कारकून मुखरूभाऊंची पोंभुर्ण्याला बदली झाली, तेव्हा पत्र्याची पेटी भरताना त्यांची बायको गुणाबाई रडली होती. भाऊंनी तिथं सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेची शाखा काढली. मग गोंडपिपरी, अहेरी, धानोरा. साहेबलोक जेवढं आत जंगलात फेकत, तेवढी संघटना वाढे. प्रत्येक गावाचं नाव गुणाबाई पेटीवर रंगवून ठेवी. आज सिरोंच्याला निघायचं होतं. पेटी भरून झाली आणि शिपाई धावत आला. “भाऊ, बदली रद्द! साहेब म्हंते, याले जिथी धाडा तिथी शाखा काढते. राहू द्या इथीच.” भाऊंचं तोंड उतरलं. “सिरोंच्याचे लोक वाट पाहून राह्यले.” गुणाबाईनं ब्रश उचलला, पेटीवर ठसठशीत ‘सिरोंचा’ लिहिलं आणि म्हणाली, “काऊन जी, सरकारच्याच हुकमानं जा लागते का? रजा टाका. आपल्या तिकिटानं जाऊ.”