सोळानंतरची ओळ

सकाळपासून या मॅपने डोकं उठवलं होतं. सी प्लस प्लस भाषेतला मॅप, म्हणजे नोंदींची यादी. प्रोग्रामचे चार थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे भाग, एकाच वेळी त्यात ऑफिसातल्या टेबलांचे नंबर भरत होते आणि तो ते क्रमाने लावत होता. टेबलं वीस, माझं सतरावं. स्क्रीनवर ओळी मात्र एकवीस. तीन-चारच्या मध्ये एक रिकामी.

"थ्रेड एकमेकांत घुसत असतील, लॉक चुकलं असेल," सोळाव्या टेबलावरची टेस्टर म्हणाली.

लॉक बदललं. रिकामी ओळ नऊ-दहाच्या मध्ये सरकली. वैतागून एकच थ्रेड ठेवला. ती सोळाच्या खाली आली.

पुन्हा चालवलं. ओळी बरोबर वीस.

"सुटलो एकदाचा," मी म्हणालो.

"बरं झालं बाबा," टेस्टर हसली.

मग नीट पाहिलं. सोळानंतर रिकामी ओळ होती, तिच्याखाली अठरा.

"कुणाशी बोलतेयस गं?" अठराव्या टेबलावरून तिला कुणीतरी विचारलं.