तीन हात वायर

"मॅडम, नवा राउटर परत करा. या जुन्यात वाय-फाय आहेच," स्टुलावर चढलेला नेटवाला म्हणाला.

"छे हो. तो फक्त वायरवर चालतो, ह्यांनीच सांगितलंय."

चार वर्षं मी त्या तीन हात वायरच्या टोकाला, चपलांच्या कपाटाशेजारी बसून ऑनलाइन शिकवण्या घेत होते. वायर ओलांडताना सासूबाई रोज म्हणायच्या, "किती गं हाल तुझे." शेवटी काल मीच जाऊन हा राउटर आणला, ह्यांना न सांगता.

नेटवाल्यानं माझ्या लॅपटॉपवर एक यादी उघडली. "चालू आहे बघा. नुसतं नाव लपवलंय, म्हणून तुम्हाला दिसत नाही. आत्तासुद्धा घरातला एक मोबाइल त्यावर आहे."

घरात माझ्याशिवाय फक्त सासूबाई होत्या. स्वयंपाकघरात त्यांच्या मोबाइलवर चाललेलं कीर्तन मध्येच बंद झालं.

मी दारात जाऊन उभी राहिले. त्या खाली मान घालून मटार सोलत होत्या.

"मला पासवर्ड देतानाच लेकानं बजावलं होतं," त्या म्हणाल्या. "तिला सांगू नकोस, वायर असली की ती डोळ्यांसमोर राहते."