गाडीला माहीत असलेल्या चाव्या

दाराजवळच्या वाडग्यात सात चाव्या होत्या. घराच्या दोन, कपाटाच्या दोन, गच्चीची एक, पत्रपेटीची एक आणि सायकलच्या कुलपाची एक. गाडीची त्यात नव्हती. ती निधीच्या पर्समध्ये होती, आणि तिची जोडीदार उन्हाळ्यातच कुठेतरी हरवली होती.

तरीही गाडी चालत होती.

निधीने सोमवारी किलोमीटरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवला होता. शुक्रवारी तो चोवीसने वाढलेला होता, आणि मधल्या दिवसांत तिने गाडी काढलीच नव्हती.

"बाबा, गाडी बाहेर कोण काढतं?"

"मला मनाई आहे," रविकांत पेपरमधून डोकं न काढता म्हणाले.

"मनाई मीच पाळायला लावलीय. मी विचारलं, चावी तुमच्याकडे आहे का?"

"या घरात माझ्याकडे गोळ्यांच्या डबीखेरीज काही नाही."

जानेवारीत त्यांना फिट आली होती. निधी तेव्हा पुण्यात एम.एस्सी. करत होती. आई, चारुलता, इथे चेन्नईत पेरुंगुडीच्या मेन रोडवर अनवाणी धावली, पण ऑटो मिळायला पाऊण तास गेला. रविकांत वाचले, पण डॉक्टरांनी वर्षभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं. निकाल लागल्यावर निधीने चेन्नईतच नोकरी धरली आणि गाडीची चावी स्वतःकडे घेतली.

"चालवताना पुन्हा फिट आली तर?" ती म्हणाली. "तुम्ही जाल, आणि शाळेतून येणारं एखादं पोरही जाईल."

"अगं, जेवताना नको," पोळी वाढत आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निधी वर्कशॉपमध्ये गेली. तिथल्या हरिप्रसादने टेबलावरच्या कागदावर चावीचं चित्र काढून दाखवलं.

"हिच्या डोक्यात चिप असते. चिपला बॅटरी नाही. कुलपाभोवती तारेचं वेटोळं आहे, त्याच्याजवळ गेली की ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. नंबर ओळखीचा नसेल तर इंजिन दोन सेकंद चालून बंद."

"हरवलेली चावी बाद करता येते?"

"येते. गाडीला सगळ्या चाव्या एकदम विसरायला लावतो. मग समोर असतील तेवढ्याच पुन्हा शिकवतो. जी समोर नाही, ती नुसतं लोखंड."

निधीला हे फार आवडलं. तिने एक नवी चावीही करायला सांगितली आणि आपली जुनी आईकडे देऊन ठेवली. बुधवारी ती ऑफिसात असताना वर्कशॉपचा माणूस गाडी घेऊन गेला. आईबाबा बरोबर गेले. संध्याकाळी आईने तिच्या हातात दोन चाव्या ठेवल्या, जुनी आणि नवी.

"झालं बाई एकदाचं. आता निवांत झोप."

निधी निवांत झोपली. पुढच्या बुधवारी आकडा अठराने वाढलेला होता.

तिने डोकं गच्च धरलं. दोन्ही चाव्या पर्समध्ये, पर्स रात्री उशाशी. ढकलून गाडी अठरा किलोमीटर जात नाही. मीटरच चुकत असेल म्हणून तिने मैलाच्या दगडांशी तो ताडून पाहिला. मीटर चोख होता. शेवटी तिने हरिप्रसादला फोन लावला.

"तीन शिकवल्या, मॅडम," तो म्हणाला. "जुन्या दोन, नवी एक. तुमच्या घरच्यांनीच समोर ठेवल्या."

निधी फोन ठेवून बाबांसमोर उभी राहिली.

"तिसरी द्या."

"माझ्याकडे नाही."

"खिसे दाखवा."

रविकांतनी खरंच खिसे उलटे केले. एक रुमाल आणि बडीशेपेची पुडी निघाली. "कपाटही बघ. बँकेत तीस वर्षं काढली, झडतीची सवय आहे."

"थट्टा नको, बाबा. ऐका. यापुढे एक किलोमीटर जरी वाढला, तरी गाडी विकणार."

आईच्या हातातली कढई ओट्यावर जरा जोरात टेकली. "विकू नकोस गं. घरात असलेली बरी."

"कशाला? मी दिवसभर ऑफिसात. चालवणार कोण? तू तर भीतीने पुढच्या सीटवरसुद्धा बसत नाहीस."

आईने गॅस बारीक केला. बाबा खाकरले आणि पाणी प्यायले.

निधीला कबुली नको होती, पुरावा हवा होता. शनिवारी अड्यारच्या दवाखान्यात बाबांच्या तपासण्या होत्या, पूर्ण दिवसाच्या. तिने गाडी मुद्दाम घरीच ठेवली आणि ऑटो बोलावला. निघताना आकडा टिपला. दिवसभर बाबा तिच्या नजरेसमोर असतील आणि आकडा जागचा हलणार नाही. मग त्यांना नाही म्हणायला जागा राहणार नाही.

दवाखान्यात बाबांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. डोक्याला तारा चिकटवताना नर्सने दोनदा सांगितलं, सर, हलू नका. बाहेर आल्याबरोबर त्यांनी निधीचा मोबाइल मागितला आणि घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला.

"आई भाजीला गेली असेल," निधी म्हणाली. "रिपोर्टची इतकी काळजी करू नका."

"रिपोर्टचं काय," बाबा म्हणाले आणि तिसऱ्यांदा लावला.

या वेळी आईने उचलला. "हं. पोचलीस?" एवढंच विचारून बाबांनी मोबाइल परत दिला आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

"कुठे पोचली?"

"घरी," बाबा म्हणाले. "भूक लागलीय. इथे इडली बरी मिळते."

संध्याकाळी ऑटो इमारतीपाशी थांबला. बाबा तिच्या आधी उतरले आणि तिच्या आधी गाडीपाशी पोचले. निधीने दार उघडलं, चावी फिरवली. मीटर उजळला. ती मोबाइलमधला आकडा आणि समोरचा आकडा आळीपाळीने बघत राहिली.

बाबा खिडकीतून वाकले. "किती?"

"सकाळी एकतीस हजार चारशे सहा," निधी म्हणाली. "आता एकतीस हजार चारशे सतरा."