फेलेतीचं बीपी

"एकशे सेहेचाळीस," नर्सबाईंनी दंडावरचा पट्टा सोडत सांगितलं. "मागच्या वेळेपेक्षा जास्तच."

सालोमेने मुलाकडे पाहिलं. तेरा वर्षांचा फेलेती खुर्चीत मावत नव्हता, पण तो दोष खुर्चीचा होता.

"आता काय बंद करू? मेंढीची चरबी बंद केली. डब्यातलं बीफ पाद्रीबाबांना देऊन टाकलं."

"माहितीये. त्यांचंही बीपी वाढलंय."

सालोमे हरणारी बाई नव्हती. घरातलं मीठ तिने समुद्रात ओतलं होतं, जिथे ते आधीच भरपूर होतं. रोज पहाटे ती फेलेतीला धक्क्यापर्यंत पळवायची आणि मागून झाडू घेऊन स्वतः धावायची. ती बारीक झाली. कुत्रा बारीक झाला. आकडा मात्र काही उतरला नाही.

ऑकलंडच्या रग्बीच्या शाळेने फेलेतीला बोलावलं होतं, पण डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय घेणार नव्हते. डॉक्टर शुक्रवारच्या बोटीने बेटावर येणार होते.

"आई, डोकं दुखतंय," नीरफणसाखालून लुपेचा आवाज आला. ती अकराची. भाऊ घरात, म्हणून ती बाहेर. बेटावरच्या रीतीने भाऊ मोठा झाला की बहिणीने त्याच्यासोबत एका खोलीत बसायचं नसतं.

"पाणी पी."

"पायात गोळे पण येतात."

"न पळता? धन्य आहेस. पलीकडे सावलीत सरक."

शुक्रवारी मोआला नावाचे ते डॉक्टर नर्सबाईंसोबत घरी आले. त्यांनी फेलेतीचा दंड पाहिला, मग पट्टा पाहिला, मग पुन्हा दंड पाहिला.

"हा पट्टा कुणाचा?"

"लहान मुलांचा," नर्सबाई म्हणाल्या. "मुलगा लहान आहे ना."

"याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे, बाई."

"वयाने लहान आहे. मी नियमाने चालते."

डॉक्टरांनी पिशवीतून मोठ्या माणसांचा पट्टा काढला. यंत्र घुरघुरलं आणि थांबलं. एकशे बारा.

"पट्टा आखूड पडला की आकडा फुगतो. याला काहीही झालेलं नाही. कधीच नव्हतं."

सालोमेने बारीक झालेल्या कुत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे एवढे महिने मी अळणी तारोचे कंद उगाच खाल्ले?"

"तुमची तब्येत सुधारली असेल."

"माझ्या तब्येतीला कुणी विचारलं होतं?" पण ती हसत होती. फेलेती संघातल्या पोरांना सांगायला मैदानाकडे धावला. तो गेलेला पाहून लुपे शहाळी घेऊन आत आली.

नर्सबाईंचं तोंड अजून उतरलेलं होतं. "लोक म्हणतील, बाईंना मोजता येत नाही. पट्टा अगदी नवा आहे, डॉक्टर."

"पट्ट्यात खोट नाहीच. फक्त दंड चुकला. इकडे ये गं, बाळ. दाखवू यांना."

लहान मुलांचा पट्टा लुपेच्या काटकीसारख्या दंडाला नेमका बसला.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "आता बरोबर आकडा येईल."

यंत्र घुरघुरलं. एकशे बासष्ट.

"बिघडलाच आहे म्हणजे," नर्सबाई म्हणाल्या. त्यांना जरा बरं वाटलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लुपेला शांत बसवलं, थोडं थांबले आणि पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हाताला मोजलं. मग ते चटईवर गुडघे टेकून बसले आणि तिच्या पावलावर दोन बोटं ठेवली. बोटं जराशी सरकवली. दुसरं पाऊल घेतलं.

"गार आहेत नेहमी," लुपे म्हणाली. "गुदगुल्या होतात."

सालोमे उठून उभी राहिली. "हिचं काय बंद करू? सांगा. आजपासून करते."

"काही नको. हे खाण्याने झालेलं नाही." डॉक्टरांची बोटं अजून शोधतच होती. "हाताला नाडी धडधडतेय आणि पायाला लागतच नाही. हृदयातून खाली रक्त नेणारी मोठी नळी जन्मापासून अरुंद असणार. ऑकलंडला फेलेती मागाहून जाईल, सालोमे. हृदयाच्या डॉक्टरांकडे आधी हिला न्यायचं."